पिनकोडवर दोन फेऱ्या, डीईएसमध्ये सोळा

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या जीपीओचा पिनकोड ४४०००१. तो कागदावरच एन्क्रिप्ट करून, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा करून बघू. पद्धत आयबीएममधल्या होर्स्ट फायस्टेल यांची, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीची. डीईएस (डेटा एन्क्रिप्शन स्टँडर्ड) हे अमेरिकेचं एन्क्रिप्शनचं मानकही याच पद्धतीवर उभं राहिलं.

दोन भाग करा: डावा ४४०, उजवा ००१. पहिल्या फेरीची किल्ली २७. उजव्यात ती मिळवली की २८, त्याचा वर्ग ७८४. तो डाव्यात मिळवा, १२२४. शेवटचे तीनच अंक ठेवा, २२४. आता बाजू बदला: डावीकडे ००१, उजवीकडे २२४. दुसरी किल्ली ५३. २२४ अधिक ५३ म्हणजे २७७, वर्ग ७६७२९, त्यातले ७२९ घेऊन ००१ मध्ये मिळवा. पुन्हा बाजू बदलली की उत्तर २२४७३०.

उलगडताना डावा २२४ आयता हातात असतो. त्यावरून परत ७२९ काढायचे आणि ७३० मधून वजा करायचे, की ००१ मिळाला. वर्गमूळ काढावंच लागत नाही. (काढता आलंही नसतं; ९७२चा वर्गसुद्धा ७८४ वरच संपतो.) मधली क्रिया हवी तेवढी वाकडी ठेवा, कुलूप उघडतंच. फायस्टेल यांची खरी करामत ती हीच.

आपली क्रिया मात्र कच्ची. ४४०००२ घेतला तर २८१५५८ येतं, सहापैकी पाच अंक बदलले. झकास. पण ५४०००१ घ्या: ३२४१३०. फक्त दोनच बदलले! हातचा नेहमी डावीकडे जातो, त्यामुळे शतकस्थानातला फरक एककापर्यंत उतरतच नाही. हजार फेऱ्या मारा, तरी नाही.

डीईएसमध्ये ही फट बुजवली आहे. अमेरिकेच्या मानक संस्थेने १९७३ साली प्रस्ताव मागवले आणि आयबीएमच्या 'ल्युसिफर' या आधीच्या कूटपद्धतीवरून घडलेलं डीईएस जानेवारी १९७७ मध्ये मानक म्हणून प्रसिद्ध झालं. ६४ बिटांचा ठोकळा, ३२-३२चे दोन भाग, १६ फेऱ्या. प्रत्येक फेरीत ३२ बिट पसरून ४८ होतात, त्यांत किल्लीचे ४८ बिट मिसळतात, मग आठ एस-बॉक्स (अदलाबदलीचे ठरलेले तक्ते) दर सहा बिटांमागे चार देतात. शेवटी त्या बिटांच्या जागा पिसल्या जातात, म्हणून एका जागेचा फरक फेरीगणिक सगळीकडे पसरतो.

एस-बॉक्सचे आकडे कसे निवडले हे गुप्त ठेवल्यामुळे त्यात चोरवाट असल्याचा संशय बळावला. तो फोल निघाला. बिहाम आणि शमीर या कूटतज्ज्ञांनी १९९०च्या सुमारास डिफरन्शियल हल्ला मांडला: मजकुरात थोडा फरक केला की कूटात काय फरक पडतो, यावरून किल्ली हुडकायची. त्याला तोंड देण्यासाठीच ते आकडे बेतले होते, हे आयबीएमच्या डॉन कॉपरस्मिथ यांनी १९९४ मध्ये सांगितलं.

डीईएसचा घात केला तो ५६ बिटांच्या किल्लीने. एकूण शक्यता सुमारे ७२ वर पंधरा शून्यं. डिफी आणि हेलमन या कूटतज्ज्ञांनी १९७७ मध्येच बजावलं होतं की दोन कोटी डॉलरचं यंत्र किल्ली एका दिवसात शोधेल. १९९८ मध्ये अडीच लाख डॉलरांच्या आत बांधलेल्या यंत्राने ती ५६ तासांत शोधली.

बँकांनी एटीएमच्या पिनसाठी पुढे डीईएस तीनदा चालवलं. दोनदा चालवून भागत नाही: एक मूळ मजकूर आणि त्याचं कूटरूप हाती असलं, तर एकीकडून सगळ्या किल्ल्यांनी कूट करून यादी ठेवायची, दुसरीकडून उलगडत यायचं आणि मध्ये गाठ घालायची. त्यामुळे दोन किल्ल्यांची मिळून ११२ बिटांची मेहनत जेमतेम ५७ बिटांवर येते. फक्त ती यादी ठेवायला जागा अफाट लागते.