वेस्लियन विद्यापीठातील कर्नाटक संगीत

अमेरिकेच्या कनेटिकट राज्यात मिडलटाउन या गावी असलेल्या वेस्लियन विद्यापीठात १९६० च्या दशकाच्या आरंभापासून चालत आलेली कर्नाटक संगीताची अध्यापन-परंपरा. बासरीवादक टी. विश्वनाथन (१३ ऑगस्ट १९२७ – १० सप्टेंबर २००२) आणि त्यांचे थोरले बंधू, मृदंगवादक टी. रंगनाथन (१९२५–८७) हे तिचे प्रमुख शिल्पकार. शिष्यवर्गात ते ‘विश्वा’ आणि ‘रंगा’ या नावांनीच ओळखले जात. भरतनाट्यम् नर्तकी टी. बालसरस्वती (१९१८–८४) या त्यांच्या थोरल्या भगिनी.

भावंडांच्या नावाआधीचा ‘टी’ तंजावूरचा. या कुळाची ज्ञात मूळस्त्री पापम्माळ अठराव्या शतकात तंजावूरच्या दरबारात गायन-नर्तन करीत होती, आणि त्या काळचा तो दरबार म्हणजे भोसल्यांचा. बालसरस्वतींचे नृत्यगुरू कंदप्पा पिळ्ळै हेही दुसऱ्या सरफोजीराजांच्या पदरी असलेल्या चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम्, वडिवेलू या चार भावांचे वंशज. मराठी वाचकाला मिडलटाउन कितीही दूर वाटले, तरी तेथे शिकवल्या गेलेल्या संगीताच्या वाटेवर मराठी राज्यकर्त्यांचा एक मुक्काम आहे.

घराण्याची खरी ओळख मात्र आजीमुळे झाली. वीणा धनम्माळ (१८६७–१९३८) मद्रासच्या जॉर्ज टाउनमधील आपल्या घरी शुक्रवारी संध्याकाळी वीणा घेऊन बसत. तारा त्या नखीविना, नुसत्या बोटांनी छेडत आणि नाद अगदी हळुवार असे. ऐकायला मोजकी माणसे येत, पण त्यांत शहरातले नावाजलेले गवई असत. आपल्याकडे जिला घरची बैठक म्हणतात, तिचेच हे तमिळ रूप. विलंबित लयीतली पदम्, जावळ्या (हलकीफुलकी शृंगारगीते), वाग्गेयकार, म्हणजे पद आणि चाल दोन्ही रचणारे, मुत्तुस्वामी दीक्षितर यांच्या कृती, म्हणजे बांधीव गीतरचना, हे या घरचे धन. पदम् म्हणजे बहुधा तेलुगू भाषेतले शृंगारपद. क्षेत्रय्या या सतराव्या शतकातल्या वाग्गेयकाराची पदे त्यांत अग्रगण्य. पदम् गाताना ताना आणि सरगमीची आतषबाजी चालत नाही. एका शब्दावर थांबून त्याचा अर्थ स्वरांनी उलगडायचा असतो. विश्वनाथन अकरा वर्षांचे असताना आजी वारली. पुढचे शिक्षण आई जयम्माळ आणि मावसबहिणी टी. बृंदा व टी. मुक्ता यांच्या सहवासात झाले.

बासरीचे गुरू तिरुप्पांबुरम् स्वामिनाथ पिळ्ळै हे नागस्वर या सनईसारख्या वाद्याच्या वादकांच्या कुळातले. त्यांचे वादन गायकी अंगाचे होते. धनम्माळच्या घरातही तोच दंडक असल्याने विश्वनाथनांना दोन शिकवणींची ओढाताण सोसावी लागली नाही. रंगनाथन पळनी सुब्रमण्य पिळ्ळै यांच्याकडे मृदंग शिकले.

हे कुटुंब इसै वेळ्ळाळर, म्हणजे पिढीजात गाण्या-नाचण्याचा पेशा असलेल्या समाजातले. १९४७ च्या मद्रास कायद्याने देवदासी समर्पणावर बंदी आली. त्याआधीच्या दोन दशकांतल्या चळवळीत आणि नंतरच्या काळात गाण्या-नाचण्याची जुनी घराणी एकीकडे बदनाम होत गेली, तर दुसरीकडे त्यांची कला मध्यमवर्गीय सभागृहांनी उचलून आपलीशी केली. गोव्यातील कलावंत समाजाचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको. तिथे निदान गाणाऱ्या बायांची नावे मोठी झाली. मद्रासेत कला राहिली आणि घरे विझत गेली. या घराण्याने अमेरिकेत जीव ओतून शिकवले, त्यामागे ही पार्श्वभूमी विसरून चालणार नाही.

अमेरिकेत प्रवेश : १९५८ मध्ये विश्वनाथन फुलब्राइट शिष्यवृत्तीवर लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात गेले. वंशसंगीतशास्त्र, म्हणजे निरनिराळ्या समाजांच्या संगीताचा अभ्यास, ही शाखा तेथे नुकतीच रुजत होती. विद्यार्थ्याने ज्या संगीताविषयी लिहायचे ते आधी वाजवायला शिकावे, असा त्या विभागाचा आग्रह होता. तेथील विद्यार्थी रॉबर्ट ब्राउन दक्षिणी तालवाद्यांकडे वळले आणि मृदंगावरच त्यांनी प्रबंध लिहिला. हेच ब्राउन पुढे वेस्लियनला प्राध्यापक झाले. नॅव्हाहो या अमेरिकेतील मूळ रहिवासी जमातीच्या संगीताचे अभ्यासक डेव्हिड मॅकॲलेस्टर तेथे आधीपासून होते. ‘वर्ल्ड म्युझिक’ हा शब्दप्रयोग रूढ करण्याचे श्रेय ब्राउन यांना दिले जाते. पुढे दुकानदारांनी त्या शब्दाचे काय केले, तो भाग वेगळा. ब्राउन यांना अभिप्रेत होते ते एवढेच, की जावाचा गॅमेलन हा घंटा-तासांचा वाद्यमेळ, घानाचे ढोल आणि तंजावूरची कृती एकाच इमारतीत, त्या त्या परंपरेतल्या माणसांकडून शिकता यावी.

रंगनाथन १९६३ मध्ये वेस्लियनला निवासी कलावंत म्हणून आले. विश्वनाथनांचा मार्ग वळणावळणाचा. ते भारतात परतले, १९६१ ते १९६५ मद्रास विद्यापीठाच्या संगीत विभागाचे प्रमुख होते, मग पुन्हा अमेरिकेत आले. कॅलिफोर्नियात शिकवल्यानंतर त्यांनी वेस्लियनमध्ये रागालापनावर डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला आणि १९७५ पासून अखेरपर्यंत ते तेथेच अध्यापक राहिले. पन्नाशीच्या उंबरठ्यावर मैफली गाजवलेल्या माणसाने पदवीसाठी प्रबंध लिहावा, हे विद्यापीठीय जगाचे एक गमतीदार वास्तव आहे. पण प्रबंध केवळ नोकरीपुरता नव्हता. घरी जे कानांनी उचलले, त्याची स्वरवाक्ये कशी बांधली जातात हे ते प्रथमच कागदावर मांडून पाहत होते.

या काळात के. व्ही. नारायणस्वामी, एस. रामनाथन यांच्यासारखे गायकही वेस्लियनला शिकवून गेले. बालसरस्वतींचा पहिला अमेरिका दौरा १९६२ चा. ब्राउन यांच्या घरी गाणे आणि दक्षिणी जेवण असा दुहेरी बेत असलेल्या ‘करी कॉन्सर्ट’ होत. नाव ऐकून हसू येते, पण जेवणाच्या पंगतीलगत मांडलेली मैफल ही कल्पना मद्रासलाही अनोळखी नव्हती.

शिकवण्याची रीत : विश्वनाथनांकडे बासरी शिकायला आलेल्याला आधी गावे लागे. कर्नाटकी वेणू आखूड असते. तिची छिद्रे बोटांनी अर्धवट झाकून-उघडून आणि फुंकर कमी-जास्त करून गमक काढतात. पण गमक कुठे किती हवे, हे बोटांना आपसूक कळत नाही. ते साहित्य, म्हणजे कृतीचे शब्द, सांगते. एखादे अक्षर दीर्घ असेल तर त्यावरचा स्वर डोलतो, ऱ्हस्व असेल तर निसटतो. शब्द न शिकता वाजवलेली कृती म्हणजे या घरच्या मते नुसती सुरावट. मैफलीतही विश्वनाथन मध्येच बासरी ओठांवरून खाली घेत, तीच ओळ गाऊन दाखवत आणि पुन्हा बासरी लावत. वादकाने गावे याचे नवल मद्रासच्या रसिकांनाही वाटे.

रंगनाथनांचा वर्ग तोंडाने सुरू होई. ‘त दि तोम् नम्’ हे बोल हातावर ताल धरून म्हणायचे, मग मृदंगावर हात. या बोलांना ‘सोल्कट्टु’ म्हणतात. ताल अंगात मुरवण्याची ही युक्ती तमिळ न येणाऱ्या विद्यार्थ्यालाही तितकीच लागू पडते, म्हणून संगीतरचना वा जाझ शिकायला आलेले विद्यार्थीही त्यांच्याकडे बसत.

अडचणी उघड होत्या. गुरूच्या घरी वर्षानुवर्षे राहून शिकणे कुठे, आणि काही आठवड्यांत संपणारे सत्र कुठे! सत्र संपले की गुणपत्रिका, आणि विद्यार्थी दुसरा विषय घेऊन मोकळा. सरळी वरिसै या प्राथमिक पलट्यांवरच सारा वेळ घालवावा तर गाणे ऐकू येण्याआधी वर्ग सुटतो. थेट कृतीला हात घालावा तर पाया कच्चा. उपाय म्हणून छोट्या कृती लवकर शिकवल्या जात आणि टेपरेकॉर्डर हा सहाध्यायी मानला जाई.

असे असूनही ही शिकवणूक टिकली. त्याचे कारण या नोंदकाराला विद्यापीठाच्या औदार्यात नव्हे, तर गाण्याच्या स्वभावात दिसते. धनम्माळचे संगीत मुळात खोलीभर माणसांसाठी होते. ध्वनिक्षेपक लावलेल्या मद्रासच्या मोठ्या सभागृहांत ते संकोचल्यासारखे होई. सहा-सात विद्यार्थी गुडघ्याला गुडघा लावून बसतील अशा वर्गात त्याला त्याचे माप पुन्हा सापडले.

शिष्य आणि शाखा : सर्वांत प्रसिद्ध शिष्य जॉन हिगिन्स (१९३९–८४). वेस्लियनचे हे विद्यार्थी १९६४ मध्ये मद्रासला गेले आणि तेव्हा तेथे असलेल्या विश्वनाथनांकडे गाणे शिकू लागले. पुढच्याच वर्षी तिरुवैयारूच्या त्यागराज आराधनेत, म्हणजे वाग्गेयकार त्यागराजांच्या स्मृत्यर्थ भरणाऱ्या उत्सवात, ते गायले आणि श्रोत्यांनी त्यांना ‘भागवतर’, म्हणजे मान्यवर गवई, ठरवून टाकले. त्यांच्या ध्वनिमुद्रिका दक्षिणेत घरोघरी वाजल्या. तेलुगू उच्चारांची त्यांची सफाई ऐकली, की ‘शब्द आधी’ या शिकवणीचा पुरावा मिळतो. १९७१ मध्ये टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठात भारतीय संगीताचा अभ्यासक्रम उभा करताना त्यांनी मृदंगवादक त्रिची शंकरन यांना तेथे आणले. नंतर हिगिन्स वेस्लियनला परतले. १९८४ च्या डिसेंबरात फिरायला निघालेले असताना मद्यधुंद चालकाच्या गाडीखाली सापडून त्यांचा मृत्यू झाला. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत बालसरस्वती गेल्या होत्या. तीन वर्षांनी रंगनाथनही गेले.

दुसरी शाखा अनपेक्षित दिशेला फुटली. गिटारवादक जॉन मॅक्लॉक्लिन वेस्लियनला एस. रामनाथन यांच्याकडे वीणा शिकत होते. तेथेच त्यांची गाठ व्हायोलिनवादक एल. शंकर यांच्याशी पडली. या भेटीतून ‘शक्ती’ हा वाद्यवृंद जन्मला. त्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत मृदंग वाजवणारे रामनाड राघवनही वेस्लियनचेच अध्यापक. याच राघवनांच्या प्रेरणेने ओहायोतील क्लीव्हलंड येथे १९७८ मध्ये एका चर्चच्या तळघरात त्यागराज आराधना सुरू झाली. भारताबाहेरच्या सर्वांत मोठ्या कर्नाटक संगीत महोत्सवांत आज तिची गणना होते.

क्लीव्हलंडचा श्रोता आणि वेस्लियनचा विद्यार्थी मात्र एक नव्हेत. १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर आलेल्या भारतीय डॉक्टर-अभियंत्यांच्या मुलांसाठी गाणे म्हणजे घरची भाषा, देव आणि आजी-आजोबा यांच्याशी जोडणारा दोर. शनिवार-रविवारच्या शिकवण्या, स्पर्धा आणि अरंगेट्रम् (रंगमंचावरचे पहिले सादरीकरण) या मार्गाने ते पुढे जाते. वेस्लियनला येणाऱ्या अमेरिकन मुलाला यांपैकी कशाचेच ओझे नसे, आणि आधारही नसे. दोन्ही प्रवाहांत गुणी माणसे निपजली. गल्लत एवढीच होते, की परदेशातले कर्नाटक संगीत म्हटले की आता केवळ पहिल्याचाच विचार केला जातो.

मानसन्मान : मद्रासच्या म्युझिक अकादमीचा ‘संगीत कलानिधी’ हा किताब बालसरस्वतींना १९७३, बृंदांना १९७६ आणि विश्वनाथनांना १९८८ मध्ये मिळाला. १९९२ मध्ये अमेरिकन सरकारच्या ‘नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्स’ या संस्थेने विश्वनाथनांना ‘नॅशनल हेरिटेज फेलोशिप’ दिली. हा सन्मान लोककला व पारंपरिक कलांसाठीचा आहे. दीक्षितरांच्या कृतींना मद्रासेत कोणी लोककला म्हटले असते तर वाद पेटला असता. अमेरिकेत मात्र त्याचा अर्थ घरातून घरात आलेली विद्या एवढाच होता, आणि तो चुकीचा नव्हता.

विश्वनाथनांनंतर वेस्लियनमधील गायनाचे अध्यापन त्यांचे शिष्य बी. बालसुब्रमणियन यांनी आणि मृदंगाचे रंगनाथनांचे शिष्य डेव्हिड नेल्सन यांनी पुढे चालवले. विद्यापीठात सत्तरीच्या दशकापासून दरवर्षी नवरात्र महोत्सव भरतो. विश्वनाथनांनी आपले शिष्य मॅथ्यू ॲलन यांच्यासह लिहिलेले दक्षिण भारतीय संगीतावरचे पाठ्यपुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, २००४ मध्ये प्रसिद्ध झाले.