ऑक्साइडच्या पृष्ठभागावरचे अणू: रुटाइलपर्यंतची आणि पुढची वाट

मनसर, गुमगावच्या खाणींमुळे मँगनीजचं ऑक्साइड नागपूरकरांच्या ओळखीचं आहे. पण पृष्ठभागावर अणू कसे बसलेत हे बघायला खाणीतला दगड चालत नाही. एकसंध स्फटिक लागतो, आणि त्यातून थोडी तरी वीज वाहावी लागते. या दुसऱ्या अटीमुळेच ऑक्साइडं धातूंच्या मागे पडली. डेव्हिसन आणि जर्मर यांनी 1927 मध्ये निकेलच्या स्फटिकावरून इलेक्ट्रॉनांचं विवर्तन, म्हणजे लाटांसारखं पसरून ठरावीक नक्षी उमटवणं, दाखवलं. तेच दुर्वाहक ऑक्साइडवर करायला गेलं की भार साचतो आणि नक्षी विस्कटते. 1981 मध्ये बिनिग आणि रोहरर यांनी आणलेला एसटीएमही (बारीक सुईने पृष्ठभागावरचे अणू दाखवणारा सूक्ष्मदर्शक) सुई आणि नमुना यांच्यातल्या प्रवाहावरच चालतो.

अडचण सोडवली रुटाइलने, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडने. निर्वातात 900 केल्विनच्या आसपास तापवला की थोडा ऑक्सिजन निघून जातो, पारदर्शक स्फटिक निळा होतो आणि वीज वाहू लागते. कृती आजही तीच: 1 किलोव्होल्टच्या आर्गॉन आयनांचा दहा-पंधरा मिनिटं मारा, मग तापवणं, आणि पुन्हा पहिल्यापासून. तापवणं फार झालं तर स्फटिक काळा पडतो आणि (110) या पृष्ठभागाची, म्हणजे स्फटिक एका ठरावीक दिशेने कापल्यावर मिळणाऱ्या पृष्ठभागाची, मांडणीच बदलते.

एसटीएमच्या चित्रात 6.5 अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा दहा अब्जावा भाग) अंतरावर उजळ रांगा दिसल्या. ऑक्सिजन वर उठलेला असतो, तेव्हा उजळ रांगा त्याच्याच असणार असं कुणालाही वाटेल. निघालं उलटं. नमुन्याला धन व्होल्टेज दिला की इलेक्ट्रॉन टायटॅनियमच्या रिकाम्या पातळ्यांत शिरतात, म्हणून खाली असूनही टायटॅनियमच चमकतो.

खरा घोळ झाला तो काळ्या, म्हणजे ऑक्सिजनच्या, रांगांवरच्या उजळ ठिपक्यांचा. गेलेल्या ऑक्सिजनची रिकामी जागा म्हणून ते मोजले जात. पण 10⁻¹⁰ मिलिबार इतक्या कमी दाबालाही निर्वात चेंबरमध्ये पाण्याची वाफ उरते. एक रेणू रिकाम्या जागेत फुटला की दोन हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) तयार होतात, आणि तेही उजळच दिसतात, जरा जास्तच. नमुना काही तास तसाच राहिला की मोजणी चुकलीच. नागपूरच्या जुलैत चेंबर उघडायची वेळ आली तर आत कोरडा नायट्रोजन सोडायचा, दार कमीत कमी वेळ उघडं ठेवायचं आणि नंतर 120 ते 150 अंशांवर दिवस-दोन दिवस बेकिंग करायचं, म्हणजे चेंबर तापवून ठेवायचा. एरवी भिंतींना चिकटलेलं पाणी पिच्छा सोडत नाही. शंकेच्या ठिपक्यावर एसटीएमच्या सुईचा व्होल्टेज क्षणभर 3 व्होल्टच्या आसपास नेला की हायड्रॉक्सिलमधला हायड्रोजन उडतो; रिकामी जागा मात्र तशीच राहते.

अणूंच्या जागांवरूनही वाद झाला. 1997 च्या एक्स-रे मोजणीत वरचा ऑक्सिजन 0.27 अँगस्ट्रॉम आत दबलेला निघाला. 2005 मध्ये मंद इलेक्ट्रॉनांच्या विवर्तनाने तोच 0.10 बाहेर असल्याचं सांगितलं. दोन वर्षांनी एक्स-रेने पुन्हा मोजलं, तेव्हा तोही बाहेरच निघाला.