पार्श्वभूमी: आदिवासी स्त्रिया आणि ऑस्ट्रेलियातलं आरोग्य-संशोधन

ऑस्ट्रेलियात आदिवासींच्या आरोग्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे, लोविचा इन्स्टिट्यूट. २०१० साली सुरू झालेल्या या संस्थेला नाव आहे ते कुणा शास्त्रज्ञाचं नव्हे, लोविचा ओडोनाह्यू या नर्सचं. आदिवासी स्त्री-संशोधकांसाठी शिष्यवृत्त्या, राखीव निधी, नेतृत्वाच्या जागा यांची आज जी चर्चा होते, तिचं मूळ विद्यापीठांत शोधलं तर फारसं हाती लागत नाही. ते इस्पितळांच्या वॉर्डांत आणि वस्त्यांमधल्या दवाखान्यांत आहे.

लोविचांचा जन्म १९३२चा. दोन वर्षांच्या असताना त्यांना आईपासून तोडून मिशनऱ्यांच्या कोलब्रूक बालगृहात ठेवलं गेलं. त्यांचं नाव बदलून ‘लोइस’ केलं. आईची पुन्हा भेट झाली तेव्हा त्यांची तिशी उलटून गेली होती. ॲडलेडच्या मोठ्या इस्पितळात नर्सिंग शिकायचं म्हटलं, तर मेट्रनने देशाच्या मध्यभागातल्या ॲलिस स्प्रिंग्जला जाऊन आपल्याच लोकांची शुश्रूषा करायला सांगितलं. मग सभा झाल्या, गाऱ्हाणं थेट राज्याचे प्रीमियर (मुख्यमंत्री) थॉमस प्लेफर्ड यांच्यापर्यंत गेलं आणि १९५४ मध्ये प्रवेश मिळाला. कोलब्रूकमधल्याच फेथ थॉमसही त्या सुमारास तिथे नर्सिंग शिकल्या. १९५८ मध्ये त्या इंग्लंडविरुद्ध कसोटी खेळल्या. महिला कसोटी क्रिकेटमधला हा ऑस्ट्रेलियाचा पहिला आदिवासी चेहरा मुळात नर्सचा होता, हे आपल्याकडच्या क्रिकेटवेड्यांनाही क्वचितच माहीत असतं. लोविचा पुढे १९६२ मध्ये बॅप्टिस्ट मिशनच्या नर्स म्हणून आसामात होत्या. चीनशी युद्ध पेटल्यावर त्यांना तिथून हलावं लागलं.

त्या काळात ‘संशोधन’ म्हटलं की आदिवासींच्या डोळ्यांसमोर काय येत असेल? ॲडलेड विद्यापीठाने १९२६ मध्ये मानववंशशास्त्रीय संशोधनासाठी मंडळ नेमलं होतं. त्याच्या मोहिमा वस्तीवस्तीत जात, कवट्यांची मापं घेत, रक्ताचे आणि केसांचे नमुने नेत. मानववंशशास्त्रज्ञ नॉर्मन टिंडेल आणि हार्वर्डचे जोसेफ बर्डसेल यांनी १९३८-३९ मध्ये देशभर फिरून हेच केलं. डोक्यांची मापं अशी काटेकोर निघत, पण १९६७च्या घटनाबदलाच्या सार्वमतापर्यंत देशाच्या लोकसंख्येच्या अधिकृत आकड्यात ही डोकी धरली जात नव्हती. आदिवासी वस्तीत संशोधक दिसला की माणसं आजही सावध होतात, यात नवल नाही.

१९७१ मध्ये सिडनीच्या रेडफर्न भागात आदिवासींनी स्वतः चालवलेला पहिला दवाखाना उघडला. नंतर असे दवाखाने देशभर पसरले. त्यांतल्या आरोग्यसेविकांमध्ये स्त्रियाच जास्त. बाहेरचे संशोधक आले की गाठ याच बायकांशी पडे. घर दाखवायचं त्यांनी, संमतीपत्र समजावून द्यायचं त्यांनी, विश्वास मिळवून द्यायचा त्यांनी, आणि शोधनिबंधावर नाव मात्र दुसऱ्यांचं. १९८६ मध्ये ॲलिस स्प्रिंग्जच्या परिषदेत या नाराजीला तोंड फुटलं आणि १९९१ मध्ये संशोधनाला सरकारी निधी देणाऱ्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने आदिवासी आरोग्य-संशोधनासाठी पहिली नीतितत्त्वं काढली.

डॉक्टरकीचं दार त्याहून उशिरा उघडलं. अमेरिकेत ओमाहा जमातीच्या सुझन ला फ्लेश १८८९ मध्ये डॉक्टर झाल्या. कॉलेज तेच, फिलाडेल्फियाचं, जिथून तीन वर्षं आधी आपल्या आनंदीबाई जोशींनी पदवी घेतली होती. ऑस्ट्रेलियाला पहिली आदिवासी डॉक्टर मिळायला १९८३ उजाडलं. त्या हेलन मिलरॉय, पुढे बालमनोविकारतज्ज्ञ. १९८५ मध्ये न्यूकॅसल विद्यापीठाने वैद्यकीय शाखेत आदिवासी विद्यार्थ्यांसाठी प्रवेशाची वेगळी वाट काढली. त्या वाटेने आलेल्या सँड्रा एड्स यांनी पर्थ भागातल्या आदिवासी माता आणि त्यांच्या तान्ह्या बाळांच्या आरोग्यावर काम केलं. २००३ मध्ये त्या पीएच.डी. मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या आदिवासी डॉक्टर ठरल्या आणि २०२० मध्ये कर्टिन वैद्यकीय शाळेच्या डीन झाल्या.

पण माझ्या मते या पदव्यांपेक्षाही मोठा बदल १९९७ मध्ये डार्विनला झाला. आदिवासी आणि उष्णकटिबंधीय आरोग्यासाठी अनेक संस्थांचं सामायिक संशोधन केंद्र तिथे उभं राहिलं, तेव्हा अध्यक्षपद लोविचांकडे होतं. कशावर संशोधन व्हावं, हे ठरवणाऱ्या टेबलाशी आदिवासी बाई यजमान म्हणून बसली. लोविचा इन्स्टिट्यूट याच केंद्राच्या परंपरेतून आली. आदिवासी नेत्या पॅट अँडरसन तिच्या अध्यक्ष झाल्या. पुढे मुख्याधिकारी झालेल्या जनीन मोहमद यासुद्धा मूळच्या नर्स, आणि आदिवासी नर्स व सुईणींच्या संघटनेच्या माजी प्रमुख.

पैशाचा प्रश्न मात्र रेंगाळला. या शतकाच्या सुरुवातीला राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने आपल्या निधीतला किमान ५ टक्के वाटा आदिवासी आरोग्यासाठी ठेवायचं ठरवलं. तो विषयासाठी होता, त्यातून आदिवासी बाईलाच पद मिळेल असं नव्हे. २०२२ मध्ये परिषदेने ज्येष्ठ संशोधकांची अनुदानं स्त्री-पुरुषांना सारख्या संख्येने देण्याचं जाहीर केलं. हा नियम वरच्या पायरीचा. दवाखान्यातून संशोधनात आलेली बाई बहुधा प्रकल्पापुरत्या करारावर असते. प्रकल्प संपला की तिची नोकरीही संपते, आणि ज्येष्ठ श्रेणीत अर्ज करण्याइतकी वर्षं तिच्या खात्यावर जमतच नाहीत.