एक किलो कॉर्नफ्लेक्सची दारू किती?

भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रविवारी सकाळी वाटीतले कॉर्नफ्लेक्स दुधात दाबता दाबता म्हणाला, "मामा, परदेशात लोकं घरी कॉर्नफ्लेक्स घालून दारू गाळायलेत म्हणं. खरंच होतंय का ओ?" आतून त्याच्या आईचा आवाज आला, "तुला शिकायला ठेवलंय का भट्टी लावायला?"

प्रश्न मात्र चांगला होता. मी खोका उलटा करून मागचा तक्ता वाचला. शंभर ग्रॅममध्ये कर्बोदकं 84 ग्रॅम आणि त्यात साखर आठच्या आसपास. म्हणजे उरलेले 76 ग्रॅम जवळजवळ सगळे स्टार्च. या दोन आकड्यांतच त्याचं उत्तर आहे.

यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतं. 180 ग्रॅम ग्लुकोजमागे 92 ग्रॅम अल्कोहोल, बाकीचे 88 ग्रॅम वायू, हे कागदावरचं गणित. प्रत्यक्षात थोडं कमीच मिळतं. कॉर्नफ्लेक्सच्या किलोभरातली साखर आणि स्टार्च दोन्ही आंबले, तर साधारण 600 मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल व्हायला हवं. पण किलोभर कॉर्नफ्लेक्स पाण्यात कालवून यीस्ट घातलं, तर फार तर 55 मिलिलिटर होईल. बाकी सगळं पातेल्यात लापशी होऊन बसेल, कारण बेकरीतल्या किंवा दारूच्या यीस्टला स्टार्च फोडता येत नाही. स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या शेकडो-हजारो मण्यांची माळ. यीस्टला सुटा मणी लागतो, फार तर दोन-तीन मण्यांचा तुकडा.

ही माळ तोडणारी कात्री सोलापूरकरांना नवी नाही, फक्त आपण तिला टॉवेलच्या कारखान्यात पाहतो. मागावर चढवण्याआधी ताण्याच्या सुताला खळ देतात, म्हणजे विणताना धागा तुटत नाही. ही खळ बहुतेक वेळा स्टार्चची असते. कापड विणून झालं की ती काढावी लागते, नाहीतर टॉवेल पाणी टिपणार नाही आणि रंगही नीट धरणार नाही. ती काढायला जे एन्झाइम वापरतात ते अमायलेज. पूर्वी याच कामासाठी माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य वापरत. पायेन आणि पर्सो या दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी 1833 मध्ये माल्टमधूनच हा पदार्थ वेगळा काढला आणि त्याला डायास्टेज नाव दिलं. दाण्याला मोड येताना स्वतःच्या पोटातला स्टार्च फोडून कोंबाला साखर द्यायची असते. त्यासाठी दाणा ही कात्री स्वतःच तयार करतो. बिअर आणि व्हिस्कीचा धंदा याच कात्रीवर उभा आहे.

आता भाच्यानं बरोबर जागी बोट ठेवलं. खोक्यावर ‘बार्ली माल्ट’ लिहिलेलं होतं. मग कात्री आहेच की! आहे, पण बोथट. तिथं माल्ट चवीपुरता असतो. मक्याच्या कण्या त्याच्यासकट वाफेच्या दाबाखाली शिजवतात, रोलरखाली चपट्या करतात आणि कडक भाजतात. इतक्या उष्णतेत कुठलंच एन्झाइम टिकत नाही. स्टार्च शिजून मऊ झालेला, तोडायला अगदी तयार, पण तोडणारं कोणी नाही. आपली कडक भाकरी तरी वेगळं काय असते? पीठ शिजलेलं, पाणी उडालेलं, कडेला खरपूस तांबूस डाग. आमटीत चुरून खाल्ली तर तोंडातली लाळ तिच्यावर काम करते, लाळेतही अमायलेज असतं. घास जरा जास्त चावला की गोड लागतो तो त्यामुळेच.

गंमत अशी, की या पोह्यांच्या पेटंटवर ज्याचं नाव आहे तो डॉ. जॉन हार्वे केलॉग कट्टर दारूविरोधी होता. चहा-कॉफीसुद्धा त्याला चालत नसे. अमेरिकेतल्या बॅटल क्रीक इथल्या आरोग्यधामात रुग्णांसाठी त्यानं हे खाणं बनवलं. 1896 साली पेटंट मिळालं आणि 1906 मध्ये धाकट्या भावानं कंपनी काढली. त्याचा नाश्ता कुणाच्या पिंपात पडलेला पाहून त्याला काय वाटलं असतं कोण जाणे.

मग परदेशातले हौशी लोक नाश्त्याचं धान्य पिंपात घालतात ते कशाला? (न्यूझीलंडमध्ये 1996 पासून स्वतःपुरती गाळायला मुभा आहे. महाराष्ट्रात नाही; इथं दारूबंदी कायद्याखाली गाळणं तर सोडाच, त्यासाठीचं आंबवण किंवा साधनं बाळगणंही गुन्हा आहे.) त्यांचं अल्कोहोल मुख्यतः येतं वेगळ्या घातलेल्या पांढऱ्या साखरेतून. धान्य असतं यीस्टच्या जेवणासाठी. नुसत्या साखरेवर यीस्ट उपाशी राहतं: ऊर्जा भरपूर, पण अंग वाढवायला नायट्रोजन नाही, फॉस्फरस नाही, जीवनसत्त्वं नाहीत. अशा वेळी आंबणं अर्ध्यात अडकतं आणि पिंपाला सडक्या अंड्याचा वास सुटतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा. गव्हाच्या कोंड्याच्या नाश्त्यात हे सगळं असतं, वर कारखान्यानं घातलेलं बी-1 जीवनसत्त्वही, जे यीस्टला फार मानवतं. थोडी धान्याची चवही उतरते ती वेगळीच.

हे ऐकून मला नवसागर आठवला. आपल्याकडच्या बातम्यांत नेहमी असतं, ‘गूळमिश्रित रसायन नष्ट केले’. रसायन म्हणजे आंबायला ठेवलेलं गुळाचं पाणी, आणि त्यात नवसागर घातलेला असतो. नवसागरानं दारू ‘चढते’ असं लोक सांगतात. पण नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड, आणि त्यातल्या अमोनियममधून यीस्टला नायट्रोजन मिळतो. परदेशी हौशी माणसाचा कोंडा आणि हातभट्टीवाल्याचा नवसागर एकाच भुकेसाठी पडतात. फक्त कोंडा खाण्याचा असतो आणि हातभट्टीतला नवसागर कुठून आलेला असेल, सांगता येत नाही. या धंद्यातून लोकांना दुसऱ्या कामाकडे वळवायला सोलापूर ग्रामीण पोलिसांनी 2021 मध्ये ‘ऑपरेशन परिवर्तन’ सुरू केलं होतं, ते इथल्या वाचकांना आठवत असेल.

भाच्याचा पुढचा प्रश्न ठरलेलाच होता: "मग पहिली धार ओतून दिली की विष जातंय ना?" हा समज फार पसरलेला आहे, आणि धोक्याचा आहे. मिथेनॉल 64.7 अंशाला उकळतं, इथेनॉल 78.4 ला, पाणी 100 ला. म्हणून एकेक ओळीनं बाहेर पडत असेल असं वाटतं. पण मिश्रण असं वागत नाही. शेकडा दहा अल्कोहोलचं आंबवण 92-93 अंशाच्या आसपास उकळतं आणि वाफेत सगळेच एकत्र येतात, कमी-जास्त प्रमाणात. मिथेनॉल पहिल्यापासून शेवटपर्यंत थोडं थोडं येत राहतं. धान्याच्या किंवा साखरेच्या आंबवणात ते मुळातच नगण्य असतं, कारण ते फळांच्या पेक्टिनमधून येतं. माणसं मरतात ती बहुधा वरून मिसळलेल्या औद्योगिक मिथेनॉलनं. मुंबईत मालवणीला जून 2015 मध्ये शंभरहून जास्त लोक गेले ते मिथेनॉलनंच. शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं आणि आधी डोळ्यांची नस जाते. मिसळलेलं मिथेनॉल ना वासानं कळतं, ना रंगानं, ना पहिली धार ओतून जातं.

एवढं बोलून झाल्यावर भाच्याला काहीतरी करून बघायचं होतं. भट्टी नाही, पण कात्री दाखवता येते. मूठभर कॉर्नफ्लेक्स चुरून गरम पाण्यात घोटले, चमचा उभा राहील इतकी घट्ट लापशी झाली. एक थेंब बशीत घेऊन त्यावर टिंक्चर आयोडीन टाकलं, काळंनिळं झालं, म्हणजे स्टार्च. मग ताईच्या डब्यातलं नाचणीसत्त्व काढलं, मोड आणून सावलीत वाळवलेलं, पण भाजलेलं नव्हे, कारण भाजलं की कात्री मेलीच. ज्वारीचे मोड मुद्दाम टाळले. त्यांत सायनाइड सोडणारं द्रव्य असतं, कोवळ्या ज्वारीत शिरलेलं जनावर दगावतं ते त्यानंच. लापशी बोट जेमतेम क्षणभर ठेवता येईल इतकी निवल्यावर चमचाभर सत्त्व ढवळलं. दहा मिनिटांत चमचा आडवा झाला. लापशी ताकासारखी वाहायला लागली. बाळाची पेज पातळ करायला आमची आजी हेच करायची, पाणी न वाढवता. तासाभरानं परत आयोडीन टाकलं तर रंग निळा न येता जांभळट तपकिरी आला. स्टार्चच्या माळा बऱ्याच तुटल्या होत्या.

बशी बाजूला धुवायला टाकली. पातेल्यातलं भाच्यानं चमचाभर चाखलं आणि म्हणाला, "गोड झालंय की!" ताईनं त्यात दूध आणि वेलदोडा घालून पातेलं परत त्याच्याच पुढ्यात ठेवलं.