अमेरिका कागदावर लठ्ठ झाली का?

‘1998 मध्ये व्याख्या बदलली, एका रात्रीत कोट्यवधी अमेरिकन लठ्ठ ठरले, तिथली लठ्ठपणाची साथ म्हणजे आकड्यांचा खेळ.’ हा दावा अजून फिरतोय. त्यातलं अर्धं खरं आहे, म्हणूनच तो पटतो.

वजन उंचीच्या मानाने जास्त आहे का, हे बीएमआय या आकड्यावरून ठरवतात. बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. 175 सेंटिमीटर उंच, 80 किलोचा माणूस घ्या: बीएमआय 26.1. जून 1998 पर्यंत अमेरिकेत पुरुषांसाठी ‘जास्त वजना’ची रेघ 27.8 होती, बायकांसाठी 27.3. ती दोघांसाठी 25 वर आणली आणि आपले हे गृहस्थ एक ग्रॅमही न वाढता पलीकडे गेले. असे अडीच-तीन कोटी लोक निघाले.

पण गेले ते ‘जास्त वजन’ गटात. लठ्ठपणाची रेघ 30 ची. तिथे पोचायला याच गृहस्थांना जवळपास 92 किलो व्हावं लागेल. आणि लठ्ठपणाचे आकडे जुन्या नोंदींनाही हीच 30 ची पट्टी लावून काढलेत. 1976-80 मध्ये सुमारे 15 टक्के प्रौढ लठ्ठ होते, 1988-94 मध्ये 23, 2017-18 मध्ये 42. पट्टी तीच, माणसं जड झाली. आठ टक्क्यांची वाढ तर 1998 च्या आधीचीच!

‘लोक फोनवर वजन काहीही सांगतात’ हा आक्षेपही इथे लागू नाही. हे आकडे ज्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीतून आलेत, तिच्यात फिरत्या तपासणी केंद्रात काट्यावर उभं करूनच वजन घेतात.

बीएमआयला स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही, हे मात्र खरंच. पण देशातले 42 टक्के लोक पहिलवान नसतात.