आधी चष्मा आला, कुंचला नंतर

व्हीआरचा, म्हणजे आभासी वास्तवाचा, चष्मा प्रयोगशाळेत तयार होण्याआधी कथेत येऊन गेला होता. स्टॅन्ली वाइनबॉम या अमेरिकन विज्ञानकथाकाराची 'पिग्मेलियन्स स्पेक्टॅकल्स' ही कथा १९३५ची. त्यातल्या प्राध्यापकाचा चष्मा चढवला की चित्रपट चहूबाजूंनी उभा राहतो, वास येतो, स्पर्शही जाणवतो. पण ते जग आधीच चित्रित करून ठेवलेलं असतं, आत शिरलेल्याला त्यात एक रेघही वाढवता येत नाही.

१९६८मध्ये अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ आयव्हन सदरलँड यांनी खराखुरा चष्मा दाखवला. डोकं कुठे वळतंय हे मोजणारा दांडा छताला टांगलेला, आणि डोळ्यांपुढे नुसत्या रेघांचा घन! इथेही माणूस प्रेक्षकच.

हातात कुंचला यायला २०१६ उजाडलं. हाताची हालचाल टिपणारे कंट्रोलर घरोघरी मिळू लागले, हवेत चित्रं काढू देणारं गुगलचं टिल्ट ब्रश हे सॉफ्टवेअर आलं आणि त्याच वर्षाअखेरीस फेसबुकच्या ऑक्युलस कंपनीचं तसंच क्विल. क्विल मुळात इन्यिगो किलेझ यांनी 'डिअर अँजेलिका' या व्हीआर लघुपटासाठी लिहिलं होतं. २०१८मध्ये त्यात फ्रेमगणिक अ‍ॅनिमेशन आलं आणि हवेत काढलेली चित्रं हलू लागली.

जुन्या विज्ञानकथांचं जग या माध्यमाला चांगलं मानवतं असं मला वाटतं, आणि त्यामागे एक तांत्रिक कारण दिसतं. क्विलच्या आभासी जगात उजेड पाडणारे दिवे नसतात. सावली हवी तर ती गडद रंगाने स्वतः रंगवायची. जॉर्ज मेलिएस यांनी १९०२च्या चांद्रसफरीच्या चित्रपटात हेच केलं होतं: नाटकासारखे रंगवलेले पडदे, उजेड-सावलीसकट. तेव्हाच्या फिल्मवर रंग भलतेच उमटत, म्हणून पडदे करड्या छटांत रंगवत. काही प्रतींवर नंतर एलिझाबेथ तुइये यांच्या पॅरिसमधल्या कार्यशाळेतल्या बायका हाताने रंग भरत, तेही एकेका फ्रेमवर. तशी एक रंगीत प्रत १९९३मध्ये बार्सिलोनात सापडली.

व्हीआरमध्ये मात्र चंद्राच्या मागे चालत जाता येतं, म्हणजे पाठही रंगवणं आलं. शिवाय रॉकेट सेकंदाला १२ चित्रांनी हललं तरी चालतं, पण बघणाऱ्याने मान वळवली की दृश्य सेकंदाला ७२ ते ९० वेळा नव्याने उमटावं लागतं, नाहीतर गरगरतं. रेघा फार झाल्या की हेडसेट, म्हणजे हा चष्मा, इथेच अडखळतो.

२०२१मध्ये गुगलने टिल्ट ब्रशचा कोड सगळ्यांसाठी खुला केला. क्विल त्याच वर्षी फेसबुककडून किलेझ यांच्याकडे परत गेलं.