तीन-चार मिलिमीटरची फट

दुरुस्त झालेलं इंजिन साखळीवर लटकलेलं असतं, गिअरबॉक्सच्या तोंडाशी आणलेलं. दोन्हींच्या मध्ये बोटभर फट उरते आणि काही केल्या मिटत नाही. वरचे दोन-तीन बोल्ट हाताने लागलेले असतात, त्यामुळे हात आपसूक पान्याकडे जातो. बोल्ट आवळले की येईल ओढून, असं वाटतं. ऑटोमॅटिक गाडीत सगळ्यात महागात पडणारी चूक होते ती इथेच.

असं एक काम मी जवळून पाहिलं आहे. बोल्ट आवळत गेले, फट मिटली, सगळे खूश. इंजिनही सुरू झालं, पण गाडी ना पुढे हलेना ना मागे. सगळं पुन्हा उतरवलं, तेव्हा गिअरबॉक्सच्या ऑइल पंपातलं आतलं चाक फुटलेलं निघालं.

मॅन्युअल गाडीत इंजिनाच्या मागे जड फ्लायव्हील आणि क्लच असतो, आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लचप्लेटच्या दात्यांत शिरतो. ऑटोमॅटिकमध्ये त्या जागी टॉर्क कन्व्हर्टर येतो. हा टायरच्या ट्यूबसारखा फुगीर, तेलाने भरलेला बंद डबा. त्याचं कवच इंजिनाबरोबर फिरतं आणि कवचाच्या आतली पाती तेल भिरकावतात. ते तेल समोरच्या टर्बाइनवर आदळतं आणि टर्बाइन गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरवते. दोघांच्या मध्ये स्टेटर नावाचं तिसरं पात्यांचं चाक असतं. परतणाऱ्या तेलाला ते योग्य दिशेला वळवतं, म्हणून गाडी जागची हलताना इंजिनाचा पीळ, म्हणजे टॉर्क, साधारण दुपटीने वाढून मिळतो. हर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ मध्ये याचं पेटंट घेतलं ते जहाजांसाठी. वाफेची टर्बाइन वेगाने फिरते आणि जहाजाचा पंखा संथ फिरायला हवा, ही त्याची अडचण होती. ब्यूकने १९४८ मध्ये डायनाफ्लो गिअरबॉक्समधून कन्व्हर्टर प्रवासी मोटारीत आणला.

बसवणाऱ्याच्या दृष्टीने खरी मेख कन्व्हर्टरच्या मानेत आहे. तिथे एकात एक अशा तीन जोडण्या असतात. टर्बाइनचे दाते गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसतात. स्टेटरचे दाते त्या शाफ्टभोवतीच्या, न फिरणाऱ्या पोकळ नळीवर बसतात. आणि मानेच्या टोकाच्या खाचा ऑइल पंपाच्या चाकात अडकतात. गिअरबॉक्समधला सगळा दाब हा पंप तयार करतो आणि त्याला फिरवते ती ही मान. आजच्या बहुतेक ऑटोमॅटिक गाड्या धक्का मारून सुरू होत नाहीत, त्याचं कारणही हेच. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, आणि दाबाशिवाय आतले क्लच पकडच घेत नाहीत.

या तिन्ही जोडण्या डोळ्यांना दिसत नाहीत, त्या हातालाच कळतात. कन्व्हर्टरमध्ये आधी लिटरभर तेल ओतायचं, मानेला तेलाचा हात फिरवायचा आणि तो शाफ्टवर सरकवायचा. मग दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे फिरवत हलकेच आत रेटत राहायचं. एक हिसका बसतो आणि तो थोडा आत जातो. पुन्हा फिरवायचं, दुसरा हिसका. इथे बरेच जण थांबतात, कारण नुसतं बघून तो पुरता बसलाय असंच वाटतं. पंपाची खाच सापडली की तिसऱ्यांदा धप्प असा जड आवाज येतो आणि कन्व्हर्टर आणखी आत उतरतो. तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. तरीही बेल हाउसिंगच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या पुढच्या घंटेसारख्या कवचाच्या, तोंडावर सरळ पोलादी पट्टी आडवी धरून कन्व्हर्टरच्या बोल्टच्या जागा किती आत आहेत ते मोजावं आणि दुरुस्तीच्या मॅन्युअल-पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून पाहावं. इंजिन जवळ आणताना कन्व्हर्टर पुढे घसरू शकतो, त्याकडे लक्ष हवंच.

आता इंजिन. त्याचा आणि गिअरबॉक्सचा कोन जुळला, दोन्ही डॉवेल पिना (तोंडं नेमकी जुळवणाऱ्या खुंट्या) आपापल्या भोकांत शिरल्या, की हाताने हलवत हलवत दोन्ही तोंडं चिकटली पाहिजेत. न चिकटल्यास मागे घ्यायचं आणि कारण शोधायचं. कधी मध्ये वायर अडकलेली असते, कधी कन्व्हर्टर पुढे आलेला असतो. बोल्ट पकडून ठेवण्यासाठी असतात, ओढण्यासाठी नाहीत.

बेल हाउसिंगचे बोल्ट आवळले की खालच्या झडपेतून हात घालून कन्व्हर्टर फिरवून पाहावा. तो मोकळा फिरला पाहिजे, आणि मागे रेटल्यावर त्याच्या व इंजिनाच्या मागे लावलेल्या फ्लेक्सप्लेट नावाच्या तबकडीच्या मध्ये थोडी फट दिसली पाहिजे. बऱ्याच गाड्यांत ती ३ ते ५ मिलिमीटर असते. एवढीशी फट, पण तिच्यावर सगळं अवलंबून आहे. कन्व्हर्टर चालताना तापतो आणि तेलाच्या दाबाने किंचित फुगतो. फ्लेक्सप्लेटला बोल्ट लावले की तो एवढाच पुढे येतो आणि त्याच्या मागे फुगायला जागा राहते. फट मुळीच नसेल, तर मान पंपाच्या चाकाला दाबत राहते आणि उलटा रेटा क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला, पुढे-मागे सरकू न देणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगवर येतो. फट फार असेल, तर पुढे ओढल्यावर मान पंपात जेमतेम अडकते. फ्लेक्सप्लेट म्हणजे पातळ पोलादी तबकडी, ती थोडी लवते म्हणूनच हे फुगणं-आकसणं सोसते. चुकीच्या ताणाने तिला मध्यभागी तडा गेला तर टकटक ऐकू येते, आणि ऐकणारा दोष इंजिनाच्या बेअरिंगला देतो.

कन्व्हर्टरचे बोल्ट मूळचेच वापरावेत. लांब बोल्ट कन्व्हर्टरच्या पुढच्या पत्र्याला आतून फुगवटा आणतो, आणि कवच व टर्बाइन थेट जोडणारा लॉकअप क्लच नेमका त्याच पत्र्याला टेकतो. क्रँकची पुली पान्याने फिरवत एकेक भोक समोर आणायचं, सगळे बोल्ट आधी हाताने लावायचे, मग ठरलेल्या टॉर्कने आवळायचे.

इंजिन सुरू होताच कन्व्हर्टर उरलेलं तेल पिऊन घेतो आणि गिअरबॉक्समधली पातळी झपकन उतरते. म्हणून बाजूला तेलाचा डबा तयार ठेवावा, ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या गिअरमधून सावकाश फिरवावा आणि पुस्तिकेत सांगितलेल्या पद्धतीने पातळी पुन्हा पाहावी.